आरशाची साक्ष

प्रत्यक्षास प्रमाण कशाला, असें आपण सहज म्हणून जातों. न्यायशास्त्रांतही प्रत्यक्षास पहिला मान. अनुमान, उपमान आणि शब्द हीं प्रमाणें त्याच्या मागून येणारीं. व्यवहारांत तर डोळ्यांची साक्ष मिळाली कीं वाद मिटला असेंच धरून चालतात. परंतु एखादा तरुण आरशासमोर उभा राहून 'माझें नाक वांकडें आहे' असें म्हणत असेल, आणि आई, बाप, बहीण, मित्र व डॉक्टर हे सारे 'तें सरळ आहे' असें म्हणत असतील, तर साक्ष कोणाची खरी मानावयाची? दोन्ही पक्ष डोळ्यांचीच साक्ष काढीत असतात. बहुमतानें निकाल द्यावा, तर तो तरुण हरतो. पण हरूनही त्याला जें दिसत होतें तें दिसतच राहतें. वैद्यकानें या खटल्याची पहिली नोंद केल्यास आतां सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. इतक्या काळांत फिर्यादींत फारसा फरक पडलेला नाहीं. फरक पडला तो न्यायाधीशांच्या समजुतींत. तो कसा पडत गेला, याचा वृत्तांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या विकाराचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. आजचें वैद्यक त्यास 'बॉडी डिस्मॉर्फिक डिसॉर्डर' म्हणतें. रोग्याच्या रूपांत दुसऱ्यास दिसेल असें व्यंग नसतें. असलेंच तर तें इतकें अल्प असतें कीं बोट ठेवून दाखविल्यावांचून कोणाच्या लक्षांत येऊं नये. रोग्यास मात्र तें डोंगराएवढें भासतें. नाक, त्वचा आणि केंस यांविषयींची तक्रार विशेष आढळते. पुरुषांपैकीं कित्येकांस आपलें शरीर किरकोळ व दुबळें दिसतें अशी धास्ती असते. मग दिवसाचे तासचे तास आरशापुढें जातात, नाहींतर आरशाकडे पाहणेंच टाळलें जातें. उजेडाकडे पाठ करून बसणें, पदरानें किंवा टोपीनें तो भाग झांकणें, 'खरें सांग, फार वाईट दिसतें काय?' असें दहादां विचारणें, हे या विकाराचे नित्याचे आविष्कार होत. हळूहळू शाळा सुटते, नोकरी सुटते, लग्नकार्यांस जाणें बंद होतें. अमेरिकेंतील प्रौढांपैकीं शेंकडा दोनांहून किंचित् अधिक माणसांस हा विकार असतो, असें तेथील मानसवैद्यकांच्या अधिकृत ग्रंथांत नमूद आहे. स्त्रिया व पुरुष यांच्या प्रमाणांत फार मोठें अंतर नाहीं. पुष्कळांस तो वयाच्या अठराव्या वर्षाच्या आंतच जडतो. आणि आत्महत्येचे विचार व प्रयत्न या रोग्यांत फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. तेव्हां वरवर पाहतां नटण्यामुरडण्याच्या छंदासारखी दिसणारी ही गोष्ट प्रत्यक्षांत जिवावर बेतणारी आहे.

विरूपतेचें दुःख अर्थातच फार जुनें. हिरोडोटसच्या इतिहासाच्या सहाव्या खंडांत स्पार्टा येथील एका श्रीमंत घरच्या कुरूप मुलीची कथा आहे. तिच्या रूपामुळें आईबाप खिन्न आहेत हें पाहून तिची दाई तिला रोज हेलनच्या देवळांत नेई, आणि मुलीची विरूपता दूर व्हावी म्हणून मूर्तीपुढें प्रार्थना करी. एके दिवशीं देवळांतून परत येतांना एक अनोळखी स्त्री भेटली. तिनें मुलीच्या मस्तकावरून हात फिरविला. आणि पुढें तीच मुलगी स्पार्टांतील सर्वांत रूपवती स्त्री म्हणून प्रसिद्ध झाली. या कथेंत मुलीची कुरूपता आईबापांस, दाईस, सर्वांसच दिसत होती. आम्ही ज्या विकाराविषयीं लिहीत आहों त्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथें कुरूपता एकट्या रोग्यालाच दिसते. आणि म्हणूनच त्याच्यासाठीं देवळांत जाणारें कोणी नसतें.

विरूपतेस हिरोडोटसनें योजिलेल्या त्याच ग्रीक शब्दाला भीतिवाचक शब्द जोडून इटलींतील मानसवैद्य एन्रिको मोर्सेली यांनीं १८९१ सालीं या व्याधीचें नामकरण केलें. 'डिस्मॉर्फोफोबिया' हें तें नांव. आपल्या भाषेंत त्यास विरूपताभीति म्हणतां येईल. जिनोआ येथील वैद्यक अकादमीच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधांत दोन भीतींचा विचार होता: एक विरूप होण्याची, आणि दुसरी जिवंतपणीं पुरलें जाण्याची. या दोहोंस एकत्र बांधण्यांतच मोर्सेलींची दृष्टि दिसून येते. त्यांच्या मतें ही एक कल्पना असून ती मनुष्याच्या मनांत बळेंच घुसते आणि तेथून हालत नाहीं. बोलतां बोलतां, वाचतां वाचतां, जेवणाच्या पानावरही ती त्यास गांठते, व तो उठून आरशाकडे धांवतो. हे लोक खरोखरीच दुःखी असतात, हें मोर्सेलींनीं स्पष्टपणें लिहून ठेविलें. रोग्याच्या दुःखास त्यांनीं ढोंग म्हटलें नाहीं, ही त्यांची थोरवी. परंतु दुःखाचें मूळ त्यांनीं विचारांत शोधलें, नजरेंत नव्हे.

पुढील पन्नास वर्षें हीच वाट रुळली. फ्रान्समध्यें पिएर झाने यांनीं १९०३ सालच्या आपल्या ग्रंथांत या विकारास 'शरीराच्या लाजेचें वेड' अशा अर्थाचें नांव दिलें, आणि मनाला पुनःपुन्हां घेरणाऱ्या कल्पनांच्या वर्गांत त्यास बसविलें. जर्मनींत एमिल क्रेपेलिन यांनींही तें त्याच ओळींत ठेविलें. व्हिएन्ना येथें तर या व्याधीचा एक रोगी मनोविश्लेषणाच्या इतिहासांत अजरामर झाला आहे. सर्गेई पान्केयेव्ह नांवाच्या रशियन जमीनदारपुत्रावर फ्रॉइड यांनीं १९१० ते १९१४ या काळांत उपचार केले होते. झाडावर बसलेल्या पांढऱ्या लांडग्यांचें स्वप्न त्याला बाळपणीं पडलें होतें, म्हणून वैद्यकग्रंथांत तो 'लांडगेवाला' या नांवानेंच ओळखला जातो. रशियन क्रांतींत संपत्ति गमावून हा गृहस्थ व्हिएन्नांत एका विमा कंपनींत नोकरी करूं लागला. १९२६ सालीं तो रूथ मॅक ब्रन्सविक या विदुषीकडे आला, तेव्हां त्याची तक्रार लांडग्यांविषयीं नव्हती. ती नाकाविषयीं होती. नाकावरील बारीक ग्रंथींवर विजेचा उपचार करून घेतल्यापासून तेथें कायमचा खळगा पडला आहे, अशी त्याची खात्री झाली होती. रस्त्यानें जातांना दुकानांच्या कांचांत तो आपलें प्रतिबिंब न्याहाळी. खिशांतील लहान आरसा घडोघडीं बाहेर काढी. नाकास पावडर लावी, आणि दुसऱ्याच क्षणीं ती पुसून पुन्हां पाही.

ब्रन्सविकबाईंनीं १९२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत या नाकाचा अर्थ फ्रॉइडविषयींच्या त्याच्या दडलेल्या भावनांत, बाळपणच्या आठवणींत आणि स्वप्नांत शोधलेला आहे. वृत्तांत मोठा वाचनीय आहे. पण आज तो वाचतांना एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. नाकाचा अर्थ काय, हा प्रश्न तेथें शंभर तऱ्हांनीं विचारलेला आहे; त्या गृहस्थास आरशांत नेमकें दिसतें काय, आणि तें तसें कां दिसतें, हा साधा प्रश्न त्या शास्त्राच्या कक्षेंतच येत नव्हता.

मनाचे वैद्य असे अर्थ लावीत असतांना शस्त्रवैद्यांनीं दुसरा मार्ग धरला होता. आणि या मार्गाचा एक धागा आपल्या पुण्यापाशीं येऊन पोंचतो. इंग्रजी सैन्यांत गाडी हांकणारा कावसजी नांवाचा मनुष्य १७९२ च्या लढाईंत टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळील, विटा पाडणाऱ्या जातींतील एका कसबी माणसानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्याच्या दोघां इंग्रज डॉक्टरांनीं ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि १७९४ सालीं लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्यें तिची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनीं लंडनमध्यें १८१४ सालीं त्याच रीतीनें नाक घडविलें, व युरोपांत या कलेस नवा जन्म मिळाला. १८९८ सालीं बर्लिनमध्यें जाक योझेफ यांनीं एका तरुणाचें अतिशय मोठें नाक लहान करून दाखविलें. त्या तरुणास नाकामुळें चारचौघांत वावरणें असह्य झालें होतें. शस्त्रक्रियेनंतर तो मोकळेपणानें लोकांत मिसळूं लागला. मनाचें दुःख सुरीनें दूर होऊं शकतें, हें योझेफ यांचें म्हणणें त्या रोग्यापुरतें खरेंच होतें.

परंतु कावसजीचें नाक खरोखरच गेलें होतें, आणि बर्लिनच्या तरुणाचें नाक खरोखरच मोठें होतें. ज्याचें नाक मुळांत ठीक आहे त्यावर सुरी चालविली म्हणजे काय होतें, याचा अनुभव विसाव्या शतकांत पुष्कळ जमा झाला. अशा बहुतेक रोग्यांचा विकार शस्त्रक्रियेनें कमी होत नाहीं. कांहींचें लक्ष नाकावरून हनुवटीवर जातें. कांहीं तर पूर्वींपेक्षां अधिक बिघडलें म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे धांव घेतात. सुरीनें चेहरा बदलला, पण तो पाहणारी दृष्टि होती तीच राहिली. एवढें झाल्यावर तरी कोणास संशय यावयास हवा होता कीं, बिघाड पाहिल्या जाणाऱ्या वस्तूंत नसून पाहण्याच्या क्रियेंत असेल. तो संशय यावयास बराच काळ लागला.

या अवधींत व्याधीचें नांव व स्थान मात्र पुष्कळदां बदललें. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या रोगनिदानग्रंथाच्या १९८० सालच्या आवृत्तींत तिचा उल्लेख आला, तो एका इतर-वर्गांतील उदाहरण म्हणून. १९८७ सालीं तिला स्वतंत्र स्थान मिळालें आणि 'भीति' हा शब्द गळाला. कारण रोगी विरूप होण्यास भीत नसतो, आपण विरूप आहोंच असें त्याला दिसत असतें. १९९६ सालीं कॅथरीन फिलिप्स यांनीं 'द ब्रोकन मिरर' हें पुस्तक लिहून ही व्याधि सामान्य वाचकांपर्यंत नेली. २०१३ सालच्या पांचव्या आवृत्तींत तिला कल्पनाग्रह व कृतिसक्ति यांच्या विकारांशेजारीं बसविण्यांत आलें, आणि पुनःपुन्हां आरसा पाहणें, इतरांशीं तुलना करणें, खात्री करून घेणें या कृति निदानाच्या लक्षणांत घातल्या गेल्या. म्हणजे झाने आणि क्रेपेलिन यांनीं दाखविलेल्या जागेपाशींच शास्त्र फिरून आलें. परंतु येतांना त्याच्या हातीं एक नवा पुरावा होता. तो पुरावा अगदीं निराळ्या दालनांतून, दृष्टिशास्त्रांतून, आलेला होता.

एकोणिसाव्या शतकांतच हेल्महोल्ट्स यांनीं असें प्रतिपादिलें होतें कीं पाहणें म्हणजे डोळ्यांत प्रतिमा उमटणें एवढेंच नव्हे. त्या प्रतिमेवरून मेंदू नकळत कांहीं अनुमान बांधतो, आणि त्या अनुमानासच आपण दर्शन म्हणतों. प्रत्यक्षाच्या पोटांत अनुमान दडलेलें आहे, हें ऐकून आपल्या जुन्या नैयायिकांनीं वादास कंबर बांधली असती! पुढें १९४७ सालीं जर्मन वैद्य बोडामर यांनीं डोक्यास जखमा झालेल्या कांहीं रोग्यांचें वर्णन केलें. त्यांना डोळे, नाक, तोंड हें सारें वेगवेगळें दिसे. पण चेहरा कोणाचा हें ओळखतां येत नसे. अवयव दिसणें आणि चेहरा दिसणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें यावरून उघड झालें. १९६९ सालीं रॉबर्ट यिन यांनीं दाखविलें कीं चित्र उलटें धरलें असतां इतर वस्तूंपेक्षां चेहरे ओळखणें आपल्याला फारच जड जातें. याचा अर्थ असा लावतात कीं सुलटा चेहरा आपण एकदम, सगळा मिळून, पाहतों. तो उलटा झाला कीं हा सगळेपणा मोडतो, आणि मग एकेक अवयव तपासीत बसावें लागतें. आपल्या बायका एखाद्या मुलीस 'नाकीं डोळीं नीटस' म्हणतात, तेव्हां त्यांनीं नाक मोजलेलें नसतें कीं डोळे मोजलेले नसतात. त्यांनीं तो मेळ पाहिलेला असतो.

हा मेळ आणि तपशील यांची वांटणी मेंदू कशी करतो, याची दिशा केंब्रिज येथील कॅम्बेल व रॉबसन यांच्या १९६८ च्या संशोधनानें दाखविली. दृश्यांतील ढोबळ छायाप्रकाश आणि बारीक रेषा यांच्यासाठीं आपल्या दृष्टियंत्रणेंत जणूं निरनिराळ्या वाहिन्या आहेत. त्यामुळें एकाच छायाचित्राच्या दोन प्रती करतां येतात. पहिलींत केवळ बारीक रेषा, कडा, सुरकुत्या आणि केंस राहतात. पेन्सिलीनें काढलेल्या रेखाटनाप्रमाणें. दुसरींत बारकावे सारे पुसले जाऊन चेहऱ्याची ढोबळ घडण तेवढी उरते. दाट धुक्यांतून ओळखीचा मनुष्य यावा तशी. मेंदूचा जो भाग कामास लागतो तेथें प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि चुंबकीय यंत्रानें हा फरक टिपतां येतो, हें सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं दाखवून दिल्यावर, कवटीस धक्का न लावतां पाहणाऱ्या मेंदूचें काम पाहणें शक्य झालें. १९९७ सालीं नॅन्सी कॅनविशर आणि त्यांचे सहकारी यांनीं या रीतीनें मेंदूंत चेहऱ्यांनाच विशेष दाद देणारा एक भाग दाखविला.

आतां हे दोन प्रवाह एकत्र आले. स्विस मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांनीं १९४१ सालीं एक गुंतागुंतीची भौमितिक आकृति तयार केली होती. ती पाहून उतरवावयाची आणि मागाहून आठवून काढावयाची. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत या विकाराच्या रोग्यांना ती दिली असतां, ते आकृतीच्या मोठ्या सांगाड्यापेक्षां सुट्या बारकाव्यांकडे अधिक वळतात असें दिसून आलें. मग २००७ सालीं लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत जेमी फ्यूसनर आणि त्यांचे सहकारी यांनीं १२ रोगी व १३ निरोगी माणसें यांना चुंबकीय यंत्रांत निजवून चेहऱ्यांचीं चित्रें दाखविलीं. चेहरे त्यांचे स्वतःचे नव्हते, परक्यांचे होते. कांहीं चित्रें जशींच्या तशीं, कांहीं केवळ बारीक रेषांचीं, आणि कांहीं धुक्यांतल्यासारखीं होतीं. निरोगी माणसांच्या मेंदूच्या डाव्या बाजूचे कांहीं पुढील भाग केवळ बारीक रेषांच्या चित्रांपुरते कामास लागले. रोग्यांच्या मेंदूची डावी बाजू मात्र सर्वच चित्रांच्या वेळीं अधिक चेतलेली आढळली. ज्यांत बारकावा असा उरलेलाच नव्हता, त्या अंधुक चित्रांच्या वेळींदेखील. जेथें तपशील नाहीं तेथेंही हा मेंदू जणूं तपशील धुंडाळीत होता.

२०१० सालीं याच संशोधकांनीं १७ रोगी व १६ निरोगी माणसें घेऊन त्यांना स्वतःचे चेहरे दाखविले. अंधुक चित्रें पाहतांना रोग्यांच्या मेंदूच्या मागच्या भागांतील डाव्या दृष्टिक्षेत्राचें काम निरोगी माणसांपेक्षां मंद आढळलें. म्हणजे ढोबळ घडण वाचणारी वाहिनीच क्षीण. उलट, स्वतःचा संपूर्ण चेहरा पाहतांना कपाळामागील भाग व मेंदूच्या गाभ्यांतील एक भाग यांना जोडणारी जी सांखळी कल्पनाग्रहाच्या विकारांत चेतलेली असते, ती येथेंही चेतलेली दिसली. त्याच वर्षीं उलट्या चेहऱ्यांचा प्रयोग झाला. चेहरा पुरेसा वेळ समोर ठेविला असतां निरोगी माणसें उलट्या चेहऱ्याशीं जितकीं अडखळतात, तितके रोगी अडखळत नाहींत असें दिसून आलें. सुलटा चेहराही ते सुट्या अवयवांनीं वाचीत असल्यास असेंच घडणार.

परंतु आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील निर्णायक साक्ष २०११ सालची आहे. त्या वर्षीं चेहऱ्यांऐवजीं घरांचीं चित्रें दाखविण्यांत आलीं. भिंती, खिडक्या, छपरें यांचीं तीं साधीं चित्रें. १४ रोगी व १४ निरोगी माणसें या प्रयोगांत होतीं. आणि अंधुक चित्रांच्या वेळीं रोग्यांच्या मेंदूंतील दृश्याची जुळणी करणारे कांहीं भाग येथेंही मंदच आढळले. वाचकांनीं क्षणभर थांबून या गोष्टीचा विचार करावा. आपल्या चेहऱ्याविषयीं मनुष्यास अभिमान असेल, लाज असेल, बाळपणच्या चिडवण्याची सल असेल. पण परक्याच्या घराच्या छपराविषयीं कोणास लाज वाटावयाची? तेथें अहंकारास वाव नाहीं, नखऱ्यास वाव नाहीं. जें आढळलें तें पाहण्याच्या रीतींतलें वेगळेपण होतें. हत्ती चांचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आपण सारे जाणतों. त्या आंधळ्यांना हत्ती दिसतच नव्हता, म्हणून एकेकानें एकेक अवयवास हत्ती मानिलें. येथें डोळे शाबूत आहेत, हत्तीही समोर उभा आहे. पण त्याची सोंडच एवढी पुढें येते कीं बाकीचा हत्ती तिच्यामागें लोपून जातो.

या निष्कर्षांस त्यांच्या योग्यतेहून अधिक वजन देणें मात्र बरें नव्हे. प्रयोगांतील माणसें थोडीं होतीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, उलट्या चेहऱ्यासारख्या कसोट्यांवर रोगी व निरोगी यांत फरक आढळला नाहीं. शिवाय मेंदूंतील फरक दिसला म्हणजे तोच व्याधीचें कारण, असें सिद्ध होत नाहीं. नजर आधीं बिघडते आणि मग आरशाचा नाद लागतो, कीं वर्षानुवर्षें एकाच खुणेकडे टक लावून पाहिल्यानें नजरेस तशी संवय जडते, याचा निवाडा या चित्रांवरून होत नाहीं. दुसऱ्या शक्यतेस थोडा आधार देणारा एक प्रयोग २०११ सालीं इंग्लंडमधील संशोधकांनीं प्रसिद्ध केला. रोगी व निरोगी अशा दोघांसही आरशापुढें उभें करण्यांत आलें. थोडा वेळ पाहून निरोगी माणसांस कांहीं झालें नाहीं. पण दहा मिनिटांहून अधिक काळ चेहरा न्याहाळावयास लावतांच त्यांचीही अस्वस्थता वाढली. म्हणजे आरशापुढें पुरेसा वेळ उभें राहिल्यास आपल्यांतला कोणीही त्या वाटेवरचीं दोन पावलें चालून येऊं शकतो. आजच्या तरुण पिढीच्या हातांत दिवसभर आरसाच आहे, आणि तोही चेहरा हवा तितका मोठा करून दाखविणारा. हें लक्षांत घेतां हा लहानसा प्रयोग प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

मग आरंभींच्या खटल्याचा निकाल काय? आम्हांस वाटतें, दोन्ही साक्षीदार खरें बोलत आहेत असाच तो द्यावा लागेल. घरच्यांना नाक सरळ दिसतें, कारण ते चेहरा पाहत असतात. त्या तरुणास तें वांकडें दिसतें, कारण त्याच्या दृष्टीपुढें चेहरा नसून केवळ नाक उरलेलें असतें. आणि जगांतील कोणतेंही नाक असें एकटें काढून तासभर पाहिलें तर तें विचित्रच दिसेल. म्हणून 'कांहीं नाहीं रे, तूं उगाच मनाला लावून घेतोस' या समजुतीचा उपयोग होत नाहीं. ती ऐकून त्याला एवढेंच कळतें कीं आपल्याला जें धडधडीत दिसतें तें हे लोक मान्य करीत नाहींत. एक तर हे आपली कींव करतात, नाहींतर खोटें बोलतात. टोमणे मारणें तर आगींत तेल ओतणें होय. आणि आपल्या घरांतून 'बसकें नाक', 'काळी', 'लुकडा' हे शब्द किती सहजपणें फेंकले जातात! मुलगी दाखविण्याच्या प्रसंगीं तर एकेका अवयवाची जाहीर चौकशी करण्याची आपली जुनी चाल आहे. अशा शब्दांनीं प्रत्येकास व्याधि जडते असें नव्हे. परंतु पुष्कळ रोगी लहानपणच्या चिडवण्याची आठवण सांगतात, हें विसरून चालणार नाहीं.

सुदैवानें ही व्याधि असाध्य नाहीं. १९९६ सालीं डेव्हिड व्हील व त्यांचे सहकारी यांनीं विचार व वर्तन यांना वळण देणाऱ्या उपचारपद्धतीची परीक्षा घेऊन तिचा गुण दाखविला. २००२ सालीं फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं फ्लुऑक्सेटीन या औषधाची, नकली गोळीशीं तुलना करून, उपयुक्तता सिद्ध केली. आजच्या उपचारांत आरशाशीं नवें वर्तन शिकविण्याचाही भाग असतो. आरशापासून ठराविक अंतरावर उभें राहावयाचें, ठराविक वेळच पाहावयाचें, डोक्यापासून पायांपर्यंत सर्व शरीरावरून नजर फिरवावयाची, आणि जें दिसतें त्याचें वर्णन बरेंवाईट न म्हणतां करावयाचें. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं हें शिक्षण चेहऱ्याचें नसून दृष्टीचें आहे. सोंडेवरून नजर काढून सबंध हत्तीवर ती पुन्हां नेण्याचा हा अभ्यास आहे.

तेव्हां एखाद्या घरांत असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर नाकाविषयीं वाद घालणें आईबापांनीं सोडून द्यावें. त्या वादांत आजवर कोणी जिंकलेलें नाहीं. त्याऐवजीं आरशापुढें रोज किती तास जातात, शाळा कां बुडते, मित्रांकडे जाणें कां थांबलें, या गोष्टी मायेनें विचाराव्या, आणि शस्त्रवैद्याच्या आधीं मनाच्या वैद्याकडे जावें. 'तुला दिसतें तें खोटें' असें म्हणण्यापेक्षां 'तुला तें तसें दिसतें, हें आम्ही मानतों. आणि त्याचा तुला फार त्रास होतो, हेंही आम्हांस दिसतें' एवढें म्हणणारें माणूस त्याला प्रथम हवें असतें. मोर्सेली यांनीं १८९१ सालीं या लोकांचें दुःख खरें आहे असें लिहून ठेविलें. तें खरें कां आहे, हें कांहीं अंशीं दाखविण्यास शास्त्राला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. घरच्या माणसांना त्यावर विश्वास ठेवण्यासाठीं इतका काळ थांबण्याचें कारण नाहीं.